घाटाची शर्यत की कोकणची लांब राईड? ताण कुठे पडतो ते आधी बघा

पावसाळा सरला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तऱ्हेची पोस्टर येऊ लागतात. एकावर घाटातलं वळण, हँडलवर वाकलेला माणूस आणि दहा-बारा किलोमीटरचा आकडा. दुसऱ्यावर सुरूची झाडं, समुद्र आणि दोन दिवसांत दोनशे किलोमीटर. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘मला एवढा दम नाही, मी आपला कोकणात येऊ का?’

हा प्रश्न ऐकला की मला थांबून बोलावंसं वाटतं. शर्यत अवघड आणि राईड सोपी असं धरून नाव नोंदवणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी दुपारी एखाद्या चढावर सायकल हातात धरून चालताना मी पाहिले आहेत. दोन्ही गोष्टी अवघडच आहेत. फक्त एकीचा ताण छातीवर येतो आणि दुसरीचा पोटावर, बैठकीवर आणि घड्याळावर. आपलं काय कच्चं आहे ते ओळखलं की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी आकडे बघू. घाट म्हणून पसरणीचा घेते, कारण तो बहुतेकांनी निदान गाडीतून तरी पाहिलेला असतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. म्हणजे बारा-एक किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ, सरासरी पाच टक्के. शंभर मीटर पुढे गेलात की पाच मीटर वर. आकडा लहान वाटतो, पण हा चढ पायांना मध्ये उसंत देत नाही.

आता कोकण. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा समज नकाशाकडे बघून होतो. नकाशात रस्ता समुद्राला लागून दिसतो. प्रत्यक्षात तो पाण्याच्या कडेने फार थोडा वेळ जातो. खाडीकाठी गाव, गावातून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, तिथे जांभ्याचा उघडा कातळ आणि आंबा-काजूच्या बागा, मग पलीकडे उतार आणि पुन्हा नवी खाडी. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा, क्वचित त्याहून जास्त. पण काही वळणं अशी उभी की पुढचं चाक हलकं झाल्यासारखं वाटतं. असे चढ दिवसभरात आठ-दहा. शंभर किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढ सहज जमा होतो. म्हणजे ज्या राईडला आपण निवांत म्हणतो, तिच्या पहिल्याच दिवशी पसरणी दोनदा चढून झालेली असते, आणि दुसरा दिवस अजून बाकी असतो.

मग घाटाच्या शर्यतीत वेगळं काय? तिथे सगळा चढ एका दमात आणि वेळ लावून चढायचा असतो. सायकल आणि माणूस मिळून ८० किलो धरा. तेवढं वजन तासाभरात ६०० मीटर वर न्यायचं तर नुसत्या उचलण्यालाच सुमारे १३० वॅट लागतात. चाकांचं घर्षण आणि हवेचा थोडा अडथळा धरला की आकडा दीडशेच्या पुढे जातो, आणि तो तासभर टिकवायचा असतो. महागडी सायकल यात फार सूट देत नाही. एकूण वजन एक किलोने कमी झालं तर तासाच्या चढाईत जेमतेम पाऊण मिनिट वाचतं. पाण्याची दुसरी बाटली खाली ठेवलीत तरी जवळपास तेवढाच फायदा.

घाटात दुसऱ्याच्या आडोशाचाही उपयोग नसतो. सपाटीवर ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने कुणाच्या मागे चिकटून गेलं की वारा पुढचा माणूस खातो आणि आपली बरीच ताकद वाचते. ताशी बाराच्या वेगात वारा अडतोच किती? त्यामुळे घाटात प्रत्येक जण एकटा असतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब देतात, तो याच कारणाने. सपाटीवर घोळक्यात लपून राहिलेला घाटात लपू शकत नाही.

घाट आतून कसा वाटतो तेही सांगते. पहिला किलोमीटर सगळ्यांना सोपा जातो आणि तिथेच शर्यत हातची जाते. शिट्टी वाजते, आजूबाजूचे सुसाट सुटतात, आपणही त्यांच्यामागे. तिसऱ्या किलोमीटरला श्वास तोंडातून यायला लागतो. नाकाच्या शेंड्यावरून घामाचे थेंब सायकलच्या दांड्यावर पडू लागतात. अंगठा गिअर बदलायचा शिफ्टर दाबतो, पुन्हा दाबतो, आणि गिअर संपलेला असतो. उरलेले नऊ किलोमीटर मग त्या पहिल्या किलोमीटरचं कर्ज फेडण्यात जातात. पहिली दहा मिनिटं ‘मी फार हळू चाललेय’ असं वाटलं पाहिजे, मगच शेवटच्या दहा मिनिटांत पाय हातात राहतात. हे कळायला मला तीन हिवाळे लागले.

गिअरवर थोडं जास्त बोलते, कारण इथे गुडघे वाचतात किंवा जातात. साखळी फिरते त्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्यालाही ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी नऊच्या आसपास. जुन्या धाटणीच्या रेसर सायकलवर पुढे ३९ आणि मागे सर्वांत मोठं चक्र २५ दातांचं असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला पंचेचाळीसच फेऱ्या होतात. ती सायकल दिसते देखणी, पण प्रत्येक फेरीला गुडघा जिना चढल्यासारखा दाबला जातो. दुकानात जाऊन मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, मोठी बसवून घ्या. मात्र साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा आपला मागचा डिरेलर तेवढे दात पेलतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा, आणि साखळीची लांबीही तपासून घ्या. शर्यतीसाठी पैसे खर्चच करायचे असतील तर माझं मत असं की हलकी चाकं नंतर, आधी ही कॅसेट.

लांब राईडमध्ये मात्र यातलं फारसं काही आड येत नाही. चढावर दम लागला तर थांबा, आंब्याच्या सावलीत बसा, कुणी वेळ मोजत नाही. तिथे वेगळ्याच गोष्टी हळूहळू कुरतडतात. चौथ्या तासानंतर सीट लागायला लागते. तळहात बधिर होतात, करंगळीला मुंग्या येतात. मान आखडते. यातलं काहीही तासाभराच्या सरावात कळत नाही, म्हणून रोज सकाळी वीस किलोमीटर सायकल चालवणारा माणूसही इथे गाफील सापडतो. सीटची उंची अर्धा सेंटीमीटर चुकली तर घाटात चालून जातं. आठ तासांत, हजारो फेऱ्यांनंतर, तेच अर्धा सेंटीमीटर गुडघ्याच्या मागे ठणकायला लागतं.

आणि पोट. तासाभराच्या घाटाला आदल्या रात्रीचं जेवण आणि सकाळचं एखादं केळं पुरतं. स्नायूंमध्ये साठलेली साखर तेवढी असते. लांब राईडमध्ये तो साठा दुपारच्या आत संपतो, आणि संपला की पाय एकदम रिकामे होतात. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. पाऊण तासाला काहीतरी: अर्धं केळं, चिक्कीचा तुकडा, दोन खजूर. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो; त्यामुळे साध्या पाण्याने भागत नाही. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर ठेवाच.

मी एकदा दाभोळला पोटभर मासे-भात जेवून फेरीबोटीत चढले होते. कोकणात हिला जंगलजेटी म्हणतात. खाडीवरचा वारा, गार पाणी, सायकल कठड्याला टेकवलेली. त्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं विसरायला झालं. धोपाव्याला उतरले आणि चढ सुरू झाला. दुपारचा दीड वाजला होता, कातळ तापलेला, पोटात भात. दुसऱ्याच वळणावर मला मळमळायला लागलं आणि एका घराच्या पडवीत अर्धा तास आडवं व्हावं लागलं. त्या घरच्या काकूंनी न विचारता कोकमाचं सरबत आणून दिलं आणि पुढची विहीर कुठे आहे तेही सांगितलं. तेव्हापासून राईडमध्ये दुपारी मी फक्त थोडा दहीभात खाते. मासे मुक्कामाच्या ठिकाणी, रात्री.

घड्याळाचं म्हणाल तर लांब राईडचं वेळापत्रक फेरीबोटी ठरवतात. दिघी–आगरदांडा, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या खाड्या पोहून जाता येत नाहीत, आणि वळसा घालायचा म्हटलं तर कित्येक किलोमीटर वाढतात. बोट नुकतीच सुटली असेल तर धक्क्यावर बसून राहावं लागतं. डिसेंबरात सहा वाजता उजेड जातो, आणि सड्यावरचे रस्ते रात्री पूर्ण काळोखात असतात. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट दिवसाच्या राईडलाही बरोबर हवं.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिच्यामुळे होतो. ती म्हणजे ब्रेव्हे, सायकलवाले जिला बीआरएम म्हणतात. नोंदणी, हातात कार्ड, वेळेची मर्यादा, शेवटी पदक. त्यामुळे ती शर्यत वाटते. ती शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. त्या वेळेत वाटेतल्या नेमून दिलेल्या ठिकाणी हजेरी लावत शेवटाला पोचलात की झालं. पहिला-दुसरा असा नंबर लागत नाही. फार लवकर पोचलात तर ते हजेरीचं ठिकाण उघडायची वाट बघावी लागते. पंक्चर, खाणं, वाट चुकणं, सगळं तुमचं तुम्ही निस्तरायचं. म्हणजे स्वभावाने ती लांब राईडच आहे, फक्त घड्याळाच्या शिस्तीतली. पोस्टर वाचताना नंबर जाहीर होणार आहेत का, आणि वाटेत मदतीची गाडी आहे का, हे दोन प्रश्न विचारा. आपण कशात नाव देतोय ते लगेच कळतं.

माझं मत सरळ सांगते. वर्षभर नियमित सायकल चालवणाऱ्याने आधी घाट करावा. हे ऐकून लोक चमकतात. पण घाटात जमेना झालं तर हँडल वळवायचं, उतार तुम्हाला गावात आणून सोडतो. घरापासून सव्वाशे किलोमीटरवर, दोन खाड्यांच्या मध्ये, संध्याकाळी पाच वाजता पाय संपले तर परतीचा उतार नसतो. शिवाय घाट तुम्हाला तासाभरात तुमच्या दमाबद्दल खरं सांगतो. ते कळल्यावर लांब राईडला कुठल्या वेगाने जायचं ते ठरवणं सोपं जातं: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घाटात दोन शब्दांच्या वर निघत नाहीत.

याला एक अपवाद आहे, आणि त्यावर मी अडून बसते. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर घाटाची शर्यत डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. तासभर छातीचे ठोके वरच्या टोकाला धरून ठेवणं हे फिरायला जाण्यासारखं नाही. अशांनी किनाऱ्याची राईड घ्यावी, पण दिवसाला साठच किलोमीटर ठेवून.

घाटाच्या शर्यतीतला खरा धोका बहुतेक वेळा वर पोचल्यानंतर सुरू होतो. थकलेले पाय, ओले कपडे, गार वारा आणि समोर बारा किलोमीटर उतार. थंडीने बोटं आखडली की ब्रेक नीट दाबला जात नाही. वर पोचल्यावर पंधरा मिनिटं थांबा, विंडचीटर चढवा, काहीतरी गरम प्या. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी जोरात दाबून वेग कमी करा आणि मग सोडा. सतत धरलेल्या ब्रेकने रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. आणि समोरून वर येणाऱ्या गाड्या वळणावर आपली बाजू सोडतात हे गृहीत धरूनच चला.

कुठे जमेल याची चाचणी घराजवळच होते. पुण्यात असाल तर बोपदेव घाट, कोल्हापुरात जोतिबाचा रस्ता, ठाण्यात येऊर. एकदा चढा, खाली या, पुन्हा चढा. दुसऱ्या वेळी लागलेला वेळ पहिल्याच्या जवळपास असेल तर घाटाला नाव द्या. दुसऱ्या रविवारी पाच तास सायकलवर काढा, वेग कितीही असो. उतरल्यावर आधी काय दुखतं ते लिहून ठेवा आणि तेवढंच महिन्याभरात दुरुस्त करा: सीटची उंची, हँडल, हातमोजे, पॅडची चड्डी.

दोन्ही करायचं असेल तर घाट डिसेंबरात आणि कोकण जानेवारी संपायच्या आत. फेब्रुवारी सरता सरता सड्यावरची दुपार सोसत नाही. पहाटे उजाडायच्या सुमाराला निघा, दहाच्या आत तीन सडे मागे टाका, आणि त्या दिवसाची पहिली बोट कितीला सुटते ते आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन स्वतः विचारून या.