पांढऱ्या एलईडीखालीही रोपं वाढतात

‘कपाटात रोपं वाढवायची तर जांभळा दिवाच हवा, पांढऱ्या एलईडीत झाडाला लागणारा प्रकाश नसतो,’ असा निरोप बरीच वर्षं फिरतो आहे.

त्यामागे खरी गोष्ट आहे: हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं. पण पांढऱ्या एलईडीच्या आत बहुधा निळा प्रकाश देणारी चिपच असते. तिच्यावरच्या लेपामुळे त्यातल्या काही प्रकाशाचा हिरवा, पिवळा, लाल होतो. जुन्या सीडीची चकचकीत बाजू दिव्याखाली तिरपी धरा, हे रंग वेगळे दिसतील. हिरवा प्रकाशही वाया जात नाही, तो पानात खोलवर पोहोचून कामी येतो.

खरा प्रश्न प्रकाश किती पोहोचतो हा. मिरची-वांग्याची रोपं लांबट, फिकट झाली तर दिवा वीतभर अंतरावर आणा आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवा.

कोकणात मला दिव्यापेक्षा हवेची काळजी जास्त वाटते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांवर असते. बंद कपाटात पानांवर पाणी धरतं, बुरशी येते आणि कोवळी रोपं मातीलगत कुजून आडवी होतात. खाली भोक ठेवा, वर कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. पंख्याने खोलीतला दमटपणा जाणार नाही, पण हवा साचणार नाही. खालच्या भोकाशी दोरा धरला तर तो आत ओढला गेला पाहिजे.