येरवडा कारागृहातल्या माणसासाठी मानसोपचार: अर्ज कोणाकडे, कागद कोणते

पुण्यात ‘त्याला येरवड्याला धाडलं’ म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या येरवड्याला? मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, दोन्ही एकाच भागात. पण कैद्याला एकातून दुसरीकडे न्यायचं तर मधे अर्ज, डॉक्टरचा अहवाल आणि बहुतेक वेळा आदेश लागतो. घरच्यांची दमछाक होते ती इथेच.

आधी पात्रतेचं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम १८ उपचाराचा हक्क प्रत्येकाला देतं. कच्चा कैदी असो की शिक्षा लागलेला, गुन्हा कोणताही असो, फरक पडत नाही. उत्पन्नाचा दाखला मागितला जात असेल तर तो कशासाठी, हे विचारा. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे खर्चही राज्याच्या तिजोरीतून होतो, नातेवाइकांच्या खिशातून नाही. तिजोरीचा हात मात्र आखडता आहे. आदर्श कारागृह नियमावली २०१६ प्रमाणे ५०० कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हवा. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ प्रमाणे देशातल्या सुमारे ५.७ लाख कैद्यांसाठी असे तज्ज्ञ होते फक्त २५. म्हणून ‘आतले डॉक्टर बघतील’ म्हणून स्वस्थ बसू नका.

पहिला अर्ज कारागृह अधीक्षकांना करायचा, प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. साध्या कागदावर, मराठीत चालतो. बंद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर, कोर्ट, पुढची तारीख, तुमचं नातं आणि मोबाइल नंबर एवढं वर लिहा. खाली आजाराचं नाव ठोकून देऊ नका. जे पाहिलं ते लिहा. ‘माझा मुलगा वेडा झालाय’ या ओळीवर कोणी काही करू शकत नाही. ‘गेल्या तीन मुलाखतींत तो माझ्याकडे बघत नाही, जेवणात काहीतरी घालतात म्हणतो, अटकेआधी चार वर्षं गोळ्या चालू होत्या, त्या आता मिळतात का ठाऊक नाही’ हे वाचून डॉक्टरला तपासायला काहीतरी हातात येतं.

जोडायची कागदपत्रं: तुमचं आधार, नात्याचा पुरावा (रेशनकार्ड चालतं), आणि सगळ्यात मोलाचे जुने केसपेपर. ससूनचे असोत की खासगी दवाखान्याचे, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तेही. एक आजी दर मुलाखतीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि तशाच परत न्यायच्या. गोळ्या गेटवर देऊन भागत नाही. त्याच पिशवीच्या तळाशी घडी घातलेली चिठ्ठी होती. तिची झेरॉक्स अर्जाला लावली तेव्हा कुठे फाइल हलली. मूळ कागद कधीच देऊ नका, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

सोबत आणखी एक कागद करून घ्या, जो बहुतेक जण विसरतात: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या बाबतीत बंद्याच्या वतीने बोलायला त्याने स्वतः निवडलेल्या माणसाचा. २०१७ च्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बंद्याने साध्या कागदावर तुमचं नाव लिहून सही किंवा अंगठा द्यायचा, तुम्ही संमती लिहून द्यायची; स्टॅम्प पेपर नको. वकील भेटायला जातील तेव्हा हे उरकता येतं. मग निदान आणि उपचारांची माहिती तुम्ही हक्काने मागू शकता.

पुढे काय होतं? त्याच कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या कैद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातल्या मानसोपचार वॉर्डात ठेवायचं. तसा वॉर्ड नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) आधी परवानगी घेऊन मनोरुग्णालयात हलवता येतं. याच कलमात गमतीची तरतूद आहे. कारागृहाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मंडळाला लिहून द्यायचं की आमच्याकडे मानसिक आजाराचा एकही कैदी नाही. कागदावर सगळे ठणठणीत! पण मंडळ कारागृहात येऊन ‘या कैद्याला इथे का ठेवलं, हलवलं का नाही’ असं विचारू शकतं. तुमच्या अर्जाची पोच तिथे कामी येते. मंडळाकडे अर्जाला फी नाही, आणि तो बंदी स्वतः किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी करू शकतो.

दाद लागत नसेल तर जिथे खटला चालू आहे त्या कोर्टात वकिलामार्फत अर्ज द्या, वैद्यकीय अहवाल मागवण्याची विनंती करा. वकील नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००.

इथे एक गफलत नेहमी होते. आजार आहे म्हणजे जामीन मिळालाच, असं नाही. बंद्याला स्वतःचा बचावच करता येत नाही, खटला काय चाललाय हे कळत नाही, असं कोर्टाच्या चौकशीत ठरलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ३६७ ते ३६९ लागू होतात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२८ ते ३३०). मग गुन्हा अजामीनपात्र असला तरी सुटका होऊ शकते. त्यासाठी आजार भरती करून घेण्याजोगा नसावा, आणि नातेवाइकाने किंवा मित्राने हमी द्यावी लागते की जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार करीन आणि तो स्वतःला किंवा कोणाला इजा करणार नाही हे बघीन. ही हमी सही करण्याआधी घरात नीट बोलून घ्या. रोजच्या गोळ्या कोण देणार, महिन्याला ओपीडीत कोण नेणार? उदासी, झोप न लागणं यासाठी उपचार मागा, पण त्यावर ही कलमं सहसा लागत नाहीत.

मुलाखतीत तो जीव देण्याची भाषा बोलला तर अर्जाचा मसुदा करत बसू नका. तिथेच ड्युटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगा, त्याच दिवशी दोन ओळी लिहून द्या, वकिलाला फोन करा. तुमच्या स्वतःच्या मनावर ताण आला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

मनोरुग्णालयात हलवल्यावर तिथल्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रकृतीचा अहवाल द्यायचा असतो. सहा महिने झाले की त्याची विचारणा करा. आणि सुटका जवळ आली की आतल्या उपचारांचे कागद, चालू गोळ्यांची यादी आधीच मागून ठेवा. सुटण्याच्या संध्याकाळी गेटवर ते कोणी शोधून देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत पहिला प्रश्न तोच येतो: आधीचे पेपर कुठेत?