ताब्लाओ की पेन्या? छोट्या खोलीतला फ्लामेंको कुठे ऐकायचा

सेव्हिल, ग्रानादा किंवा माद्रिदला निघालेली माणसं हल्ली हमखास विचारतात, की मोठ्या थिएटरात नको, एखाद्या जुन्या वास्तूत पन्नास-साठ माणसांत बसून फ्लामेंको, म्हणजे स्पेनचा तो गाणं, गिटार आणि नाच यांचा प्रकार, कुठे बघता येईल? उत्तरं दोन येतात. कोणी ताब्लाओला, म्हणजे रोज तिकिटाचे खेळ होतात त्या जागेला, जा म्हणतं, कोणी पेन्याला, म्हणजे रसिकांच्या मंडळात. दोन्हीकडे खोली लहान असते. लाकडी मंच, त्यावर साध्या खुर्च्या, एक गिटार, भिंतींवर गेलेल्या गायकांचे फोटो आणि लोकांच्या हातात वाइनचे पेले, हेही दोन्हीकडे. नुसत्या फोटोंवरून फरक कळणं कठीण. त्यामुळे माणसं एका जागेच्या अपेक्षा घेऊन दुसऱ्या जागी जातात आणि हिरमुसून परत येतात. पेन्याहून आलेले म्हणतात, नाच झालाच नाही. ताब्लाओहून आलेले म्हणतात, सगळं पर्यटकांसाठीच होतं.

ताब्लाओत कलाकार रोजच्या कामावर आलेला असतो आणि समोरचे बहुतेक जण अनोळखी असतात. पेन्यात तो जाणकारांच्या घोळक्यात पाहुणा म्हणून आलेला असतो. तिथे काय ऐकायला मिळेल, कसं बसायचं, कधी बोलायचं, हे सगळं या फरकातून ठरतं.

ताब्लाओ हा धंदा आहे, आणि मी हे कौतुकानं म्हणते. जवळजवळ रोज खेळ, बहुतेक ठिकाणी रात्रीत एकापेक्षा जास्त, प्रत्येक खेळ तास-सव्वा तासाचा. तिकीट साधारण 25 ते 50 युरो, जेवणासकट घेतलं तर बरंच जास्त. मंचावर दोन-तीन नर्तक, एक-दोन गायक, एक गिटारवादक. भर नाचावर, कारण स्पॅनिश न कळणाऱ्यालाही नाच पोहोचतो.

या जागांचे पूर्वज म्हणजे एकोणिसाव्या शतकातले ‘काफे कांतांते’. सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती या गायकानं सेव्हिलमध्ये चालवलेला काफे त्यांतला सगळ्यात गाजलेला. घरच्या समारंभांत आणि श्रीमंतांच्या खाजगी मैफलींत गाणाऱ्यांना तिथे ठरलेलं काम मिळालं आणि पेयाचे पैसे देणाऱ्या कोणालाही त्यांना ऐकता येऊ लागलं. 1920च्या दशकापर्यंत हे काफे मावळले. पुढे हुकूमशहा फ्रांकोच्या काळात परदेशी पर्यटकांचा ओघ सुरू झाला आणि तोच प्रकार नव्या रूपात उभा राहिला. माद्रिदमध्ये 1954 साली साम्ब्रा नावाचा ताब्लाओ, 1956 साली कोर्राल दे ला मोरेरिया, 1960 साली तोर्रेस बेर्मेखास. सेव्हिलमध्ये 1966 साली सांता क्रूस चौकात लोस गायोस. पर्यटकांच्या पैशावर हे सगळं चाललं, हे खरंच. पण कामारोन दे ला इस्ला हा गायक कादिसच्या बाजूनं माद्रिदला आला तो तोर्रेस बेर्मेखासमध्ये गायला, आणि तिथे त्यानं अनेक वर्षं काढली. ब्लांका देल रेई या नर्तकीचं शाल घेऊन केलेलं सोलेआ (फ्लामेंकोतला एक भारदस्त प्रकार) ज्या मंचाशी जोडलं गेलं, तो कोर्राल दे ला मोरेरियाचा. रोज रात्री वेगवेगळ्या साथीदारांबरोबर उभं राहून जी तयारी होते, ती वर्गात होत नाही.

ताब्लाओतली मंडळी पुष्कळदा त्या दिवशीच एकत्र आलेली असतात. सविस्तर तालीम झालेली नसते. ‘सोलेआ करू, एवढं कडवं घेऊ, शेवट बुलेरियात’ (हा मोकळा, समारोपाचा प्रकार) इतकं बोलणं झालं की मंचावर जायचं. बाकीचं पायांनी ठरतं. नर्तकी पुढे येते, टाचांनी एक ठसठशीत तुकडा वाजवते आणि थबकते. याला ‘यामादा’ म्हणतात, म्हणजे गायकाला दिलेली हाक. आता गायकानं कडवं सुरू करायचं. तो गात असताना तिचे पाय जवळजवळ बंद असतात. हात, खांदे, मान यांनी ती त्या ओळी अंगावर घेत असते. ओळ संपते तिथे पायांचा छोटा तुकडा टाकून ती ती ओळ मिटवते. मग लांब पदन्यास, लय हळूहळू चढवणं, आणि गिटारवादकाची नजर सतत तिच्या टाचांवर. पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसलं तर ही देवाणघेवाण डोळ्यांनी टिपता येते. गायक जागेवरून किंचित पुढे सरकतो, बाजूला टाळी देणारा हात एकदम मंदावतो, कोणीतरी दबक्या आवाजात ‘वामोस’, म्हणजे ‘चला’, म्हणतं. जवळ बसायचं ते यासाठी. नर्तकीचा घाम दिसतो म्हणून नव्हे.

पेन्याची गोष्ट वेगळी आहे. पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ. सभासद, वर्गणी, अध्यक्ष, कार्यकारिणी, सगळं असतं. स्पेनमधली सगळ्यात जुनी पेन्या म्हणजे ग्रानादाची ला प्लातेरिया, 1949 सालची. चांदीकाम करणाऱ्या एका कारागिराच्या कारखान्यात गाणं ऐकायला जमणाऱ्या मित्रांनी ती सुरू केली. आज तिची स्वतःची वास्तू आल्बाइसिन या जुन्या टेकडीवरच्या वस्तीत आहे आणि अंगणातून समोर अल्हाम्ब्राचा जुना राजवाडा दिसतो. मालागाची हुआन ब्रेव्हा 1958 सालची, तिथल्याच एका नामवंत गायकाच्या नावाची. तिच्याकडे जुन्या गिटारी आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांचं संग्रहालयही आहे. सेव्हिलची तोर्रेस माकारेना 1974 सालची. खेरेस आणि कादिसमध्ये तर जवळजवळ प्रत्येक जुन्या वस्तीची आपली पेन्या आहे.

पेन्यात मुख्य मान गाण्याला, स्पॅनिशमध्ये ज्याला ‘कांते’ म्हणतात त्याला. नाचाचे कार्यक्रम होतात, पण पेन्याची खास रात्र म्हणजे दोन खुर्च्या, एक गायक, एक गिटारवादक. कुठे माइक असतो, कुठे नसतो. गायक बसतो, घोटभर पाणी पितो. गिटारवादक सेखिया, म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी, वर-खाली सरकवून त्याचा सूर शोधतो. दोघं कुजबुजतात. मग गायक ‘आय’ एवढाच स्वर लावून आवाज तपासतो, आणि त्यातच पुढच्या गाण्याची हवा तयार होते. सुरुवातीला बहुधा सोलेआ, सिगिरिया असे भारदस्त प्रकार, उत्तरार्धात मोकळे होत जाणारे तांगोस, अलेग्रियास. शेवटी बुलेरिया. त्या वेळी गायक कधी उभा राहून दोन-चार पावलं नाचतोही, आणि ती दोन-चार पावलं पाहण्यासाठी लोक तासभर थांबलेले असतात. मध्ये लांब मध्यंतर. सभासदांनी चालवलेल्या बारवर गर्दी, छोटे सँडविच, शेरी, आणि आत्ताच ऐकलेली सिगिरिया कोणत्या गायकाच्या वळणाची होती यावर वाद.

ऐकणाऱ्यांचा तो जाणतेपणा हीच पेन्याची खरी श्रीमंती. दाद कुठे द्यायची हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. आपल्याकडे बैठकीत समेवर आपोआप ‘वा’ निघतो, तसा तिथे ओळ पूर्ण होऊन गिटार जागेवर आली की ‘ओले’ निघतो. आधी नाही, नंतरही नाही. मात्र सोलेआच्याही बारा मात्रा आहेत म्हणून एकताल मनात धरून बसू नका. त्या बारा मात्रांत वजन पडतं तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तीन-तीनची चाल, मग दोन-दोनची. हा हेलकावा कानात बसेपर्यंत हात मांडीवर ठेवलेले बरे. पेन्यातला सगळ्यात मोठा अपराध म्हणजे प्रेक्षकातून चुकीच्या जागी पडलेली टाळी. ‘पाल्मास’ हे फ्लामेंकोत स्वतंत्र वाद्यच आहे. पोकळ तळव्यांची मऊ टाळी वेगळी, बोटांनी तळव्यावर वाजवलेली कडक टाळी वेगळी. ताब्लाओत एखाद्या पर्यटकानं टाळी धरली तर कलाकार हसून सांभाळून घेतात. पेन्यात शेजारचे आजोबा तुमच्या हाताकडे बघतात, आणि तेवढं पुरतं.

आता ‘पेन्या अस्सल, ताब्लाओ नकली’ या ठाम समजाबद्दल. ही तक्रार आजची नाही. 1922 च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी लोर्का यांनी अल्हाम्ब्राच्या आवारात खोल गाण्याची, ‘कांते होंदो’ची स्पर्धा भरवली. काफे आणि रंगमंच यांनी गाणं बाजारू केलंय, ते वाचवायला हवं, अशी त्यांची भावना होती. म्हणून धंदेवाईक गायकांना स्पर्धेतून वगळलं. तिथे एका लहान मुलानं बक्षीस मिळवलं. तो पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला, आणि 1963 मध्ये त्यानं माद्रिदमध्ये लोस कानास्तेरोस हा स्वतःचा ताब्लाओ काढला. शुद्ध गाण्याचा वारस म्हणून निवडलेल्या कलाकाराला तिकिटाच्या जागेत काहीच वावगं वाटलं नाही. आजही एकच गायक बुधवारी ताब्लाओत नर्तकीमागे गातो आणि शनिवारी पेन्यात एकटा बसतो. गळा एकच. बुधवारी नर्तकीच्या पायांशी जुळवून घ्यायचं, म्हणून ओळी नेमक्या आणि बांधेसूद येतात. शनिवारी घाई नसते, म्हणून एकाच ओळीत तो कितीतरी वेळ घुटमळतो. मला दुसरं जास्त आवडतं. पण पहिलं कमअस्सल आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पेन्यांना झाकण्यासारख्या बाजूही होत्या. पुष्कळ पेन्यांत सुरुवातीची अनेक वर्षं स्त्रियांना सभासदत्व नव्हतं. मंचावर गायिका चालायची, टेबलाशी बसलेली बाई चालत नव्हती. ‘शुद्धते’च्या आग्रहापायी नव्या गाण्याकडे पाठ फिरवली जायची ती वेगळीच.

‘ऐतिहासिक’ या शब्दाचंही जरा नीट बघायला हवं. वास्तूचं वय आणि तिथल्या फ्लामेंकोचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्हिलमधल्या जुन्या घरांच्या चौकांत आज रोज कार्यक्रम होतात. चौक शतकांचे, कार्यक्रम अलीकडचे. त्यातल्या कासा दे ला मेमोरियासारख्या जागा तर ताब्लाओही नाहीत आणि पेन्याही नाहीत. जेवण नाही, ओळीनं खुर्च्या, तासाभराचा कार्यक्रम. नीट ऐकता येतं, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तिथेच पाठवेन. उलट माद्रिदच्या सांता आना चौकातलं व्हिया रोसा 1911 सालचं. बाहेर दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातल्या शहरांची चित्रं असलेल्या टाइल्स, आत खाजगी खोल्या, आणि त्या खोल्यांत आंतोनियो चाकोनसारखा गायक पैसेवाल्यांच्या मैफलींसाठी बसलेला असायचा. तिथे वास्तू आणि गाणं दोघांचा इतिहास एकच. महामारीत ते बंद पडलं आणि मग दुसऱ्या हातांत, 1911 हेच नाव लावून, पुन्हा उघडलं. कासा पातास या नावाजलेल्या ताब्लाओच्या नशिबी तेही आलं नाही. ते 2020 मध्ये बंद झालं. ग्रानादाच्या साक्रोमोन्तेच्या गुहा हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे ‘साम्ब्रा’ म्हणजे खितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, लोकांच्या लग्नातल्या नाचांची परंपरा. 1963 च्या पावसानं बरीच कुटुंबं तिथून उठली आणि नाच मात्र राहिला. गुहेत बसायला मिळतं म्हणून तिला पेन्या समजू नये.

जाताना काय बघायचं? ताब्लाओचं तिकीट आधी काढा, जेवणाशिवायचं काढा आणि पुढची जागा मागा. ताटं वाजत असताना सोलेआ ऐकणं म्हणजे दोन्हींचा अपमान. सोय असेल तर रात्रीचा शेवटचा खेळ घ्या. तेव्हा गळे तापलेले असतात आणि पुढच्या खेळाची घाई नसते. फोटो काढायची परवानगी कधी आहे ते दारातच सांगतात, तेवढंच पाळा.

पेन्याला ही सोय नाही. कार्यक्रम आठवड्यातून एखादा, कधी त्याहूनही कमी, आणि ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी शुकशुकाट. ला प्लातेरियासारख्या काही पेन्या ठरावीक रात्री बाहेरच्यांसाठी खुल्या असतात. इतर ठिकाणी दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, तो बहुधा आत घेतोच. पैसे लागलेच तर ताब्लाओपेक्षा खूप कमी. दहाला सुरू म्हटलं तर साडेदहा धरा. पुढच्या टेबलांवर सभासदांची वहिवाट असते, तिथे आपण होऊन बसू नये. गाणं सुरू झालं की बारही थांबतो, म्हणून पेला आधीच घ्या आणि पैसे मध्यंतरात द्या.

दोन रात्री हाताशी असतील तर आधी ताब्लाओ, मग पेन्या, असाच क्रम ठेवा. ताब्लाओत नर्तकीचे पाय बघून बारा मात्रांची चाल डोळ्यांना कळलेली असते. दुसऱ्या रात्री नुसत्या गाण्यात ती शोधायला कान तयार असतात. उलटा क्रम घेतला तर पहिल्या रात्री सिगिरिया नुसतीच आक्रोशासारखी वाटेल आणि मध्यंतरात तुम्ही हॉटेलवर परत निघाल. उत्तरार्धातली बुलेरिया मग कोणीतरी दुसऱ्यानं ऐकलेली असेल.