घोड्याची अडीच घरं आणि साटीनची वीण

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावरून उतरणारी जकार्डची चादर आधी चौकटींवर तयार होते. पूर्वी या चौकटी ग्राफ पेपरवर असत, हल्ली संगणकाच्या पडद्यावरही असतात. हिशेब मात्र तोच. उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याचा एक. चौकट भरली असेल तर त्या जागी ताणा वर, रिकामी असेल तर बाणा वर. मोर असो, फूल असो की नुसती पट्टी, सगळा कारभार या एवढ्या नियमावर चालतो.

बुद्धिबळाचा पटही चौकटींचाच. एका घरातून पुढच्या घरात जायचं कसं, एवढं ठरलं की दोन्हीकडे आकृती आपोआप उमटते. एक वर, एक खाली अशी साधी वीण कागदावर काढा. काळा-पांढरा पटच तयार होतो. आता दर ओळीला भरलेली चौकट एकेक घर बाजूला सरकवत न्या. ही उंटाची चाल. जीन्सच्या कापडावर दिसणाऱ्या तिरक्या रेघा याच, आणि या विणीला ट्विल म्हणतात. इथवर डोक्याला फारसा ताप नाही. खरी गंमत साटीनमध्ये आहे.

साटीनला चकाकी हवी असते. धागा जितका लांबवर न अडकता वर राहील, तितका उजेड त्यावरून सलग परततो. पण कुठेतरी त्याला बांधावं लागतंच, नाहीतर कापड टिकायचं कसं? मग हे बांधणीचे ठिपके असे विखुरायचे, की दोन ठिपके एकमेकांना चिकटणार नाहीत आणि तिरक्या रेघेतही बसणार नाहीत. रेघ दिसली की चकाकी मोडली. पाच धाग्यांचं साटीन घ्या: पाच उभ्या रांगा, पाच आडव्या, प्रत्येकीत एकच ठिपका. दर ओळीला एक घर सरकलात तर ट्विल. चार घरं सरकलात तरी ट्विलच, फक्त उलट्या तिरक्याचं. उरले दोन आणि तीन. दोन घरं आडवं, एक घर वर. घोडाच की!

चौकटींच्या वहीत काढून पाहा. पहिल्या ओळीत ठिपका पहिल्या घरात, मग तिसऱ्या, पाचव्या, दुसऱ्या आणि चौथ्या. पाचाच्या बाहेर गेलात की डावीकडून पुन्हा आत यायचं, कारण कापडात हाच नमुना शेजारी परत सुरू होतो. असे चौकोन चहूबाजूंनी जोडले की कुठल्याही ठिपक्याचे सर्वांत जवळचे चार सोबती घोड्याच्या चार उड्यांवर सापडतात. ठिपके जोडले की किंचित कलंडलेले चौरस दिसतात. पायथागोरसच्या हिशेबाने बाजूचा वर्ग 2² + 1² = 5, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर 5 घरांचं: पाच घरांमागे एक ठिपका. आता प्रत्येक ठिपका आणि त्याच्या वरचं, खालचं, डावं, उजवं घर एका रंगात रंगवा. अधिकच्या चिन्हासारखे आकार होतात आणि कुठे फट न राहता, एकमेकांवर न चढता सगळं पान भरून टाकतात. डावातल्या भल्याभल्या चालींपेक्षा मला ही आकृती देखणी वाटते.

हेच पाच ठिपके वजिरांच्या कोड्याचंही उत्तर आहेत. 5 × 5 च्या पटावर पाच वजीर असे मांडा, की कुणाचाच कुणावर मारा नको. आठ वजिरांचं मूळ कोडं माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूने 1848 मध्ये मांडलं. त्याची 92 उत्तरं आहेत. फ्रेंच गणिती एद्वार ल्यूका या कोड्यात रमला होता, आणि त्यानेच 1867 मध्ये साटीनच्या विणीचं अंकगणितही छापलं. ‘टॉवर ऑफ हनोई’ हे कोडंही त्याचंच.

घोड्याची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने आहे. प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून सगळा पट फिरायचा, हे कोडं आपल्याकडे जुनं. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने श्लोकाची अक्षरं घोड्याच्या चालीने मांडून दाखवली होती. जिथून निघाला त्याच घराशी जुळणाऱ्या अशा फेऱ्या 64 घरांच्या पटावर तेरा लाख कोटींहून जास्त भरतात. तो घोडा हुन्नरी, दर वेळी दिशा बदलणारा. मागाला असला घोडा नको. एकच उडी न कंटाळता मारत राहणारा हवा.

आणि तीही प्रत्येक आकड्याला जमत नाही. सहा धाग्यांवर दोन-दोन घरं सरकून बघा: पहिलं, तिसरं, पाचवं, पुन्हा पहिलं. दुसरा, चौथा आणि सहावा धागा बांधलाच जात नाही. तीन आणि चार घरांनीही धागे असेच सुटतात, कारण या आकड्यांना सहाशी सामाईक विभाजक आहे. एक आणि पाच घेतले तर ट्विल. म्हणून सहाचं नियमित साटीन होतच नाही.

आठचं होतं, तीन किंवा पाच घरं सरकून. तीन-एकची उडी मारणारं मोहरं आपल्या पटावर नाही. तैमूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पटावरच्या खेळात होतं. इथे वजिराची परीक्षा मात्र नापास होते: पहिल्या आणि पाचव्या ओळीतले ठिपके एकाच तिरक्यावर येतात. पण मध्ये तीन ओळींचं अंतर असल्याने डोळ्याला रेघ दिसत नाही, आणि कापडाला तेवढं पुरतं. ठिपके जोडून पाहिले तर चौरसाऐवजी समभुज चौकोन मिळतो. कलंडलेला चौरसच हवा असेल तर 5 नंतर थेट 10 (1 + 9), मग 13 (4 + 9) आणि 17 (1 + 16) धाग्यांकडे जावं लागतं.