ताऱ्यांची अंतरं आणि तापमानं: एका काचकारागिरापासून निघालेल्या दोन वाटा

पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावर सोळाव्या शतकात जे आक्षेप आले, त्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप धर्माचा नव्हता, मोजमापाचा होता. पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांत ती कक्षेच्या या टोकाकडून त्या टोकाला, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर सरकते. मग जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत थोडे तरी हललेले दिसायला हवेत. या भासमान सरकण्याला पराशय म्हणतात. टायको ब्राहेनं तो कसून शोधला. दुर्बीण अजून यायची होती, तरी त्याची उपकरणं साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत अचूक होती. पराशय मिळाला नाही आणि त्यानं पृथ्वी स्थिर ठरवली. निष्कर्ष चुकला, पण त्याला हसण्यात अर्थ नाही. दुसरा पर्याय होता तो तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत असं मानण्याचा, आणि एवढी रिकामी जागा विनापुरावा गृहीत धरायला तो तयार नव्हता. खरी गोष्ट अशी की सूर्य सोडला तर सर्वांत जवळच्या ताऱ्याचा पराशयसुद्धा एका विकलेहून कमी भरतो. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.

दुर्बीण आल्यावरही दोन शतकांहून जास्त काळ हात रिकामेच राहिले. रॉबर्ट हूकनं १६६९ साली लंडनमध्ये राहत्या जागेच्या छताला भोक पाडून उभी दुर्बीण बसवली आणि डोक्यावरून जाणारा कालेय तारकासमूहातला गॅमा हा तारा पाहिला. पराशय सापडल्याचं त्यानं जाहीर केलं, पण तो खरा नव्हता. १७२५ मध्ये जेम्स ब्रॅडली आणि सॅम्युएल मॉलिन्यू यांनी तोच तारा पुन्हा धरला. तारा हलला, तोही चांगला वीस विकला. पण पराशयानं ज्या महिन्यांत ज्या दिशेला सरकायला हवा, तसा नाही. याचा उलगडा ब्रॅडलीला १७२८ मध्ये झाला. प्रकाशाला ठरावीक वेग आहे आणि पृथ्वी स्वतः धावते आहे, म्हणून येणारा किरण किंचित कलल्यासारखा दिसतो. म्हणजे पृथ्वी फिरते याचा पहिला थेट पुरावा पराशयाच्या शोधातूनच मिळाला, पण पराशय म्हणून नव्हे.

याच काळात एक आडवाटही चोखाळली गेली. ख्रिस्तिआन हायगेन्सनं धरून चाललं की व्याधाचा तारा सूर्याएवढाच तेजस्वी आहे. मग सूर्यासमोर बारीक छिद्र धरून, ते लहान करत करत, त्यातून येणारा उजेड व्याधाइतका मंद कधी होतो ते त्यानं पाहिलं. उत्तर आलं: व्याध सूर्याच्या २७,६६४ पट दूर. खरा आकडा साडेपाच लाखांच्या जवळ आहे. यातली सगळी चूक डोळ्याच्या अंदाजाची नाही. व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट प्रकाश फेकतो, तेव्हा एकट्या त्या गृहीतकानंच अंतर पाचपट कमी निघतं. ताऱ्याची स्वतःची ताकद कळल्याशिवाय दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येत नाही, आणि ती ताकद त्याचा आकार आणि तापमान या दोहोंवर ठरते. अंतर आणि तापमान हे दोन प्रश्न इथेच एकमेकांत अडकले होते. त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ताऱ्याचं तापमान मोजता येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. १८३५ मध्ये ऑग्युस्त कोंत या तत्त्वज्ञानं तर लिहूनच टाकलं की ताऱ्यांची अंतरं नि गती कधीतरी कळतील, पण त्यांची रासायनिक घडण आणि तापमान कधीच कळणार नाही.

दोन्ही प्रश्नांची कुलपं ज्याच्या कामामुळे उघडली तो माणूस तोवर वारलाही होता. योझेफ फ्राउनहोफर, बव्हेरियातला काचकारागीर, मृत्यू १८२६ साली, वय ३९. या इतिहासात ताऱ्याचं अंतर मोजणाऱ्या बेसेलचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि फ्राउनहोफरचं कडेला. मला हे नेहमी उलटं वाटत आलं आहे. भिंगांसाठी काचेचे गुणधर्म नेमके मोजता यावेत म्हणून तो सूर्यप्रकाशाचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, पाहत होता, तेव्हा १८१४ मध्ये त्याला त्यात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्या कशाच्या हे त्याला ठाऊक नव्हतं. मोजमापाच्या खुणा म्हणून त्यानं त्या वापरल्या आणि पुढे व्याधासारख्या ताऱ्यांच्या वर्णपटातही वेगळ्या रेषा नोंदवून ठेवल्या. तापमानाची वाट या रेषांपासून सुरू होते. अंतराची वाट त्याच्याच कर्मशाळेत घडलेल्या दुर्बिणींपासून.

त्यातली एक क्योनिग्जबर्गला फ्रीड्रिख बेसेलकडे आली. तिला हेलिओमीटर म्हणत. सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचं तिचं भिंग मधोमध कापलेलं होतं आणि दोन अर्धुकं स्क्रूनं एकमेकांवरून सरकवता येत. प्रत्येक अर्धुकाची स्वतंत्र प्रतिमा पडते. एका अर्धुकातला तारा दुसऱ्यातल्या शेजारच्या ताऱ्याशी नेमका जुळवायचा आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचं. दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर हे असं स्क्रूच्या आट्यांवर मोजलं जाई. बेसेलची खरी हुशारी मात्र तारा निवडण्यात होती. आधीचे बहुतेक जण ठळक तारे घेत, कारण ठळक म्हणजे जवळचा अशी समजूत. बेसेलनं हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा घेतला. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण आकाशात वर्षाला पाच विकलांहून जास्त सरकतो. एवढा भरभर सरकतो म्हणजे जवळच असणार, हा त्याचा हिशेब. शिवाय ही ताऱ्यांची जोडी आहे, त्यामुळे तुलनेचा मंद तारा जोडीच्या बरोबर मधोमध आणून जुळवणी अधिक बारकाईनं करता येई. ऑगस्ट १८३७ पासून वर्षभराहून अधिक निरीक्षणं केल्यावर १८३८ च्या अखेरीस त्यानं उत्तर जाहीर केलं: पराशय ०.३१४ विकला. आजचा आकडा ०.२८६ आहे, म्हणजे ११.४ प्रकाशवर्षं. एका स्क्रूच्या आणि डोळ्याच्या जोरावर एवढं जवळ जाणं थक्क करणारं आहे.

शर्यत तशी अटीतटीची होती. डोर्पाटच्या विल्हेल्म स्ट्रूव्हनं फ्राउनहोफरच्याच मोठ्या दुर्बिणीतून अभिजितचा पराशय १८३७ मध्येच दिला होता, ०.१२५ विकला, आणि तो आजच्या आकड्याच्या फार जवळ आहे. पण नंतर त्यानंच जवळपास दुप्पट आकडा दिला आणि लोकांचा विश्वास उडाला. थॉमस हेंडरसननं तर केप ऑफ गुड होपहून १८३२-३३ मध्येच मित्र ताऱ्याची, म्हणजे आल्फा सेंटॉरीची, निरीक्षणं घेतली होती. मान पहिलेपणाचा मिळू शकला असता, पण हिशेब करून ते छापायला १८३९ उजाडलं.

तरीही हे काम इतकं किचकट होतं की एकोणिसावं शतक संपताना विश्वासार्ह अंतरं मोजक्या काही डझन ताऱ्यांचीच होती. पुढे फोटोग्राफीच्या काचपट्ट्यांनी वेग आणला.

तापमानाचं काय? अडचण उष्णता मोजण्याची नव्हती, नियमाची होती. सूर्याकडून पृथ्वीवर किती उष्णता येते हे १८३८ मध्ये क्लोद पुयेनं मोजलं होतं. पण तापलेली वस्तू किती उष्णता फेकते याचा नियमच ठरलेला नसल्यानं, साधारण त्याच मोजणीवरून पुयेचा सूर्य १,८०० अंशांच्या आत राहिला, तर अँजेलो सेक्की या जेझुइट खगोलज्ञानं न्यूटनचा शीतकरणाचा नियम ताणून लाखो अंशांचे आकडे दिले. १८७९ मध्ये योझेफ स्टेफाननं दाखवलं की उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. हा नियम लावताच सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आला. आजचा आकडा ५,७७२ केल्विन आहे.

सूर्याचं अंतर माहीत होतं म्हणून हे जमलं. ताऱ्यांसाठी अंतराशिवाय चालेल अशी पद्धत हवी होती आणि ती रंगात सापडली. भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं हे लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्याला आकड्याचं रूप १८९३ मध्ये विल्हेल्म वीननं दिलं: वस्तू जितकी गरम, तितका तिच्या प्रकाशाचा जोर लहान तरंगलांबीकडे सरकतो. १९०० मध्ये माक्स प्लांकनं त्या प्रकाशाचा पूर्ण आलेखच सूत्रात बसवला. तारा दूर गेला तर मंद होतो, पण निळ्या आणि लाल प्रकाशाचं प्रमाण तेच राहतं. १९०९ मध्ये पॉट्सडामच्या योहानेस विल्झिंग आणि युलिउस शायनर यांनी याच तत्त्वावर १०९ ताऱ्यांची तापमानं जाहीर केली. एक मेख मात्र होती: वाटेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तारा असतो त्यापेक्षा थंड आणि दूर भासतो. ही धूळ सर्वत्र पसरलेली आहे हे रॉबर्ट ट्रम्पलरनं दाखवलं ते १९३० मध्ये.

धुळीला न फसणारा तापमापक फ्राउनहोफरच्या रेषांत होता. किरखोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये या रेषा मूलद्रव्यांच्या आहेत हे सिद्ध केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी कोंत वारला होता. मग हार्वर्ड वेधशाळेत वर्णपटांची वर्गवारी सुरू झाली. आधी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक यावर ए, बी, सी अशी अक्षरं दिली गेली. ॲनी जंप कॅननच्या हाताखालून लाखो वर्णपट गेले. तिनं १९०१ मध्ये अक्षरं गाळून, हलवून ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असा क्रम लावला. क्रम तापमानाचा असावा अशी शंका होती, पण कारण सांगता येत नव्हतं. हायड्रोजन सगळीकडे असेल तर त्याच्या रेषा ए वर्गात सर्वांत ठळक आणि दोन्ही बाजूंना फिक्या का?

हे कोडं मेघनाद साहांनी सोडवलं. तापमान वाढलं की अणूतले इलेक्ट्रॉन आधी वरच्या पातळीवर चढतात आणि मग सुटूनच जातात. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणू असे आयन बनतील, याचं समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडलं. हायड्रोजनच्या दिसणाऱ्या रेषा दुसऱ्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनमुळे उमटतात. थंड ताऱ्यात जवळपास सगळे इलेक्ट्रॉन पहिल्याच पातळीवर बसलेले, म्हणून रेषा फिक्या. फार गरम ताऱ्यात इलेक्ट्रॉन निघून गेलेले, म्हणून पुन्हा फिक्या. मधे, १०,००० अंशांच्या आसपास, ऐन बहर. कॅल्शियम, लोह, हेलियम यांचा बहर वेगवेगळ्या तापमानाला येतो. त्यामुळे कोणाच्या रेषा किती ठळक एवढं पाहिलं की तापमान वाचता येऊ लागलं. आधी केवळ अक्षरं असलेल्या वर्गांना अंश मिळाले, एमला सुमारे तीन हजार, ओला तीस हजारांच्या वर. सेसिलिया पेननं १९२५ च्या प्रबंधात हेच समीकरण हार्वर्डच्या काचपट्ट्यांना लावलं आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत असं उत्तर काढलं. ज्येष्ठ खगोलज्ञ हेन्री नॉरिस रसेलनं तिला ते मागे घ्यायला लावलं आणि चार वर्षांनी स्वतःच मान्य केलं.

दोन वाटा एकत्र आल्या की काय हाती लागतं, याचा सर्वांत बोलका नमुना व्याधाचा सोबती. व्याध सरळ न जाता नागमोडी सरकतो हे बेसेलनंच १८४४ मध्ये ओळखलं होतं आणि त्याला न दिसणारा जोडीदार असावा असं सांगितलं होतं. १८६२ मध्ये ॲल्वन ग्रॅहम क्लार्क नवं भिंग तपासत असताना तो दिसला: व्याधाच्या सुमारे दहा हजारपट मंद. मंद म्हणजे थंड असेल, असं सगळे धरून चालले. १९१५ मध्ये वॉल्टर ॲडम्सनं माउंट विल्सनवरून त्याचा वर्णपट घेतला तर तो लालसर थंड ताऱ्याचा नव्हता, पांढऱ्या तप्त ताऱ्याचा होता. आता सुटका नव्हती. अंतर माहीत, म्हणून खरं तेज माहीत. तापमान माहीत, म्हणून दर चौरस मीटरमागे किती प्रकाश निघतो ते माहीत. एवढा तप्त असून एवढा मंद, म्हणजे पृष्ठभागच चिमुकला. हिशेबानं तो पृथ्वीच्या आकाराच्या घरात येतो, आणि वस्तुमान मात्र जवळपास सूर्याएवढं. अशा घनतेचा पदार्थ त्या वेळच्या भौतिकीत बसतच नव्हता. श्वेत खुजा तारा हा प्रकार असा हिशेबातून जन्माला आला.

उलट दिशेनंही मदत झाली. त्याच ॲडम्सनं आर्नोल्ड कोलश्यूटरबरोबर १९१४ मध्ये दाखवलं की सारख्याच तापमानाच्या महाकाय आणि लहान ताऱ्यांच्या वर्णपटांत काही रेषांचा ठळकपणा वेगळा असतो. रेषांवरून ताऱ्याची खरी ताकद कळली की हायगेन्सचा जुना मार्ग या वेळी योग्य आकड्यानिशी चालवता आला आणि पराशयाच्या टप्प्यापलीकडचे तारे आवाक्यात आले. हेन्रिएटा लेविटचे सेफीड, म्हणजे ठरावीक काळानं तेज कमीजास्त होणारे तारे, १९१२ चा तिचा नियम आणि त्यावरून हबलनं मोजलेलं देवयानी दीर्घिकेचं अंतर ही गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. इथे एवढंच, की अंतरं मोजण्याच्या त्या शिडीची खालची पायरी पराशयच आहे.

ती पायरी वातावरणाच्या थरथरीमुळे कच्ची होती. १९८९ मध्ये सोडलेल्या हिपार्कोस उपग्रहानं १,१८,२१८ ताऱ्यांचे पराशय विकलेच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले. तरीही कृत्तिकांचं अंतर त्यानं इतर पद्धतींपेक्षा सुमारे दहा टक्के कमी दिलं आणि बरीच वर्षं वाद चालला. २०१३ मध्ये गेलेल्या गाया यानानं तो इतरांच्या बाजूनं मिटवला, जवळपास १४६ कोटी ताऱ्यांचे पराशय दिले आणि मार्च २०२५ मध्ये ते बंद करण्यात आलं.

इतकं होऊनही मृगातला काक्षी तारा दाद देत नाही. त्याचं तापमान ३,६०० केल्विनच्या आसपास आहे याबद्दल फारसा वाद नाही. अंतर मात्र १९९७ च्या हिपार्कोस यादीत सुमारे ४३० प्रकाशवर्षं होतं आणि त्यानंतरच्या मोजण्यांत ५५० पासून ७२० पर्यंत गेलं आहे. कारण साधं आहे: १९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी मोजलेली त्याची तबकडीच ०.०४७ विकला रुंद, म्हणजे पराशयाच्या कितीतरी पट. तिच्यावरचे उजळ डाग सतत बदलतात आणि त्यांच्याबरोबर प्रकाशाचा मध्यही हलतो. गायाला तर तो मोजण्यापलीकडचा तेजस्वी आहे. कोंतनं जे कळेल म्हटलं ते इथे अजून डळमळीत आहे आणि जे कधीच कळणार नाही म्हटलं ते पक्कं.