‘एक्स्ट्रा’ धावा नेमक्या कोणाच्या?

‘एक्स्ट्रा’चा मूळ लॅटिन अर्थ ‘बाहेर’. ‘जादा’ हा अर्थ इंग्रजीत नंतर रुळला. क्रिकेटच्या धावफलकात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात: धावा संघाच्या खात्यात जमा, पण कोणाही फलंदाजाच्या नावाबाहेर. ऑस्ट्रेलियात त्यांना ‘सन्ड्रीज’, म्हणजे किरकोळ बाबी म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी ‘अवांतर’ हा शब्द रुळवला आणि तो या दोन्हींपेक्षा सरस आहे. या धावा ना किरकोळ असतात, ना गरजेपेक्षा जास्त.

जुन्या धावफलकांत फक्त बाय, म्हणजे चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता पळून काढलेल्या वा सीमापार गेल्याने मिळालेल्या धावा दिसतात. वाइड आणि नोबॉल १८३०च्या आसपास वेगळे नोंदले जाऊ लागले, लेगबाय, म्हणजे फलंदाजाच्या अंगाला लागून गेलेल्या चेंडूवरच्या धावा, त्यानंतर.

खरा गुंता दोषाचा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नोबॉलची शिक्षा संघाला होई, गोलंदाजाची आकडेवारी मात्र स्वच्छ राही. मग या धावा त्याच्या नावावर मांडायला सुरुवात झाली. निर्णय रास्तच होता, फक्त उशिरा झाला. मात्र त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या गोलंदाजांच्या सरासरी एकाच फूटपट्टीने मोजता येत नाहीत. हा फरक न सांगता केलेल्या तुलना नव्या गोलंदाजांवर अन्याय करतात.

डिसेंबर २००७मधली बंगळूरू कसोटी आठवा. भारताविरुद्ध पाकिस्तानच्या ५३७ धावांत ७६ अवांतर होत्या: ३५ बाय, २६ लेगबाय, १५ नोबॉल. म्हणजे गोलंदाजांच्या माथी जेमतेम १५. उरलेल्या ६१ पैकी ३५ यष्टींमागून निसटल्या, तरी त्यांच्यासाठी यष्टिरक्षकाच्या नावापुढे धावफलकात रकानाच नाही. ‘अवांतर ७६’ एवढेच वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

२०१७च्या नियमसंहितेने एक गाठ सोडवली. तोवर नोबॉलवर चार बाय गेल्या, की पाचही धावा नोबॉल म्हणून गोलंदाजाच्या नावावर लागत. आता त्याच्याकडे एकच लागते, चार बायमध्ये जातात. वाइडला मात्र ही सवलत मिळाली नाही. वाइड चेंडू यष्टिरक्षकाला चुकवून सीमापार गेला, तर आजही पाचच्या पाच धावा गोलंदाजालाच भराव्या लागतात.