युरोपीय आयोगाकडे सदस्य देशाविरुद्ध तक्रार: कोण करू शकतो, काय लागते आणि अर्ज कुठे अडकतो

युरोपीय संघाचा कायदा एखादा सदस्य देशच पाळत नसेल, तर ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाकडे कोणीही तक्रार करू शकतो. नागरिकत्वाची अट नाही, शुल्क नाही, वकील लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये गेलेले गोमंतकीय असोत की ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांसाठीच्या संघाच्या निवास-परवान्यावर गेलेले पुण्याचे इंजिनिअर, मार्ग सर्वांना खुला आहे. तरीही कित्येक तक्रारी चौकशीआधीच बंद होतात, आणि कारणे ठरलेली असतात.

पहिले कारण म्हणजे तक्रार कोणाविरुद्ध आहे, हेच चुकते. मालक, बँक, घरमालक यांच्याविरुद्ध हा अर्ज चालत नाही. देशाचा कायदा, नियम किंवा सरकारी कार्यालयाची कार्यपद्धती हाच विषय हवा. त्यातही एका अधिकाऱ्याच्या एका चुकीपेक्षा सगळ्यांनाच अडवणाऱ्या पद्धतीकडे आयोग आधी लक्ष देतो. 2017 पासून हे त्याचे जाहीर धोरण आहे. म्हणून फक्त ‘माझे कार्ड दिले नाही’ एवढ्यावर थांबू नका. कार्यालयाच्या छापील यादीतच बेकायदा कागद मागितला असेल, तर ते ठळकपणे लिहा.

‘युरोपीय संघाचा कोणता कायदा मोडला’ या रकान्यात बरेच जण ‘मानवी हक्क’ एवढेच लिहून मोकळे होतात. एवढ्याने भागत नाही. मूलभूत हक्कांची सनद सदस्य देशाला लागू होते ती तो देश संघाचा कायदा राबवत असतानाच. म्हणून नेमका कायदा आणि कलम शोधा. संघाच्या नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला निवास कार्ड मिळत नसेल, तर 2004/38 हा निर्देश, कलम 10: अर्जाची पोच लगेच आणि कार्ड जास्तीत जास्त सहा महिन्यांत. पण पोर्तुगीज नागरिक पोर्तुगालमध्येच राहत असेल तर हा निर्देश सहसा लागू होत नाही. तो दुसऱ्या सदस्य देशात गेलेल्यांसाठी आहे. ब्लू कार्डसाठी 2021/1883 हा निर्देश, आणि पूर्ण अर्जापासून 90 दिवसांत निर्णय. आयर्लंड आणि डेन्मार्क ब्लू कार्ड योजनेतच नाहीत, तिथून ही तक्रार करून उपयोग नाही.

कागदपत्रांबाबतही गोंधळ होतो. तक्रारीचा ठराविक नमुना ऑनलाइन भरायचा. त्यासोबत काहीही जोडायचे नाही, मागितल्यास काय देऊ शकाल याची यादी द्यायची. प्रत्येक कागदाचे नाव, तारीख आणि कार्यालय लिहा: अर्जाची पोच, नकाराचा आदेश, अधिकाऱ्याची पत्रे आणि ईमेल. काउंटरवर तोंडी नकार मिळाला असेल, तर यादीत लिहायला काहीच उरत नाही. त्याच दिवशी ईमेल करून लेखी उत्तर मागा. भाषा संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी कोणतीही चालते, इंग्रजीही. आपले नाव त्या देशाला कळवायचे की नाही, हे तुम्हीच ठरवता. मात्र वैयक्तिक प्रकरणात नाव लपवले तर चौकशी पुढे सरकणे अवघड होते.

आता मुदती. पोच 15 कामकाजी दिवसांत येते. पुढची कारवाई करायची की प्रकरण बंद करायचे, हे साधारण एका वर्षात ठरते. बंद करण्याआधी आयोग पत्र पाठवतो आणि उत्तराला चार आठवडे देतो. हे पत्र औपचारिक समजून बाजूला ठेवू नका. उत्तर गेले नाही तर प्रकरण सहसा बंदच होते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र वेगळ्याच गैरसमजातून होते. आयोगाकडे तक्रार केली म्हणून स्थानिक न्यायालयाची मुदत थांबत नाही. जर्मनीत आदेशाखाली दाद मागण्याची सूचना असेल, तर सहसा एकच महिना हातात असतो. ब्रुसेल्सच्या उत्तराची वाट पाहत तो महिना गेला, तर आयोगही तो परत देऊ शकत नाही. नकार रद्द करणे किंवा भरपाई देणे हे आयोगाच्या हातात नाही. ते स्थानिक न्यायालयाचे काम आहे. आयोग देशाला आधी नोटीस देतो, मग सविस्तर मत कळवतो आणि शेवटी लक्झेंबर्गमधील संघाच्या न्यायालयात जातो. आश्रयाच्या नियमांवरून जून 2024 मध्ये हंगेरीला 20 कोटी युरो आणि वर दररोज 10 लाख युरोंचा दंड झाला, तो याच मार्गाने. दंडाचा पैसा संघाच्या तिजोरीत जातो, तक्रारदाराला नाही.

या न्यायालयाशी दुसऱ्याची गल्लत करू नका: स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय युरोपीय संघाचे नव्हे, 46 देशांच्या युरोप परिषदेचे आहे. तिथे देशातील अंतिम निकालापासून चार महिन्यांत जावे लागते. जुन्या माहितीपत्रकांत सहा महिने लिहिलेले सापडेल. ती मुदत फेब्रुवारी 2022 पासून संपली. युरोपीय लोकपालाकडेही देशाविरुद्ध अर्ज पाठवू नका, तो फक्त संघाच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी पाहतो. न्यायव्यवस्थेवरच घाला घालणाऱ्या देशाविरुद्धचे संघाच्या मूळ करारातील कलम 7 (देशाचे मतदानासारखे हक्क स्थगित करण्याची तरतूद) सामान्य माणसाला वापरता येत नाही.

संघाचे नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आधी ‘सॉल्व्हिट’ करून पाहावे. ही मोफत सेवा दहा आठवड्यांत तोडगा काढण्याचा प्रयत्न करते. प्रकरण न्यायालयात गेलेले असेल तर मात्र ते घेत नाही, त्यामुळे अपिलाची तारीख पाहूनच क्रम ठरवा. ब्रिटनमधील गोमंतकीयांसाठी सॉल्व्हिट नाही. सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क) यासारख्या ब्रेक्झिट करारातील हक्कांची तक्रार तिथल्या स्वतंत्र देखरेख प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘आयएमए’कडे नोंदवता येते. तेही वैयक्तिक निर्णय बदलून देत नाही, त्यामुळे अपिलाची मुदत तिथेही सांभाळावीच लागते.